बाजारची फुलं

सुकेर्नीने रोजच्यासारखं गाडीत, समोरच्या काचेखाली, चानांग ठेवलं. नारळाच्या कोवळ्या पानाचं तळहाताएवढं ताटुकलं, त्यात चार रंगांची फुलं, भाताची चार शितं, वर पेटती उदबत्ती. पाणी शिंपडून तिने धूर हलक्या हाताने वर सारला आणि जाता जाता म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सांगा, बापा. उद्या मुलाकडचे पुरोहिताकडे लग्नाचा दिवस विचारायला जाणार. तुम्ही नको म्हणालात, तर मी त्याला नकार कळवेन. मनात काही ठेवणार नाही."

नेंगाने चावी फिरवली. गाडी काढली.

मुलगा चांगला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण उत्तर किनाऱ्यावरचा, आणि एकुलता एक. तो घरजावई होऊन इथे यायचा नाही. म्हणजे सुकेर्नीच अंगणातल्या देवळात पितरांसमोर बसणार, आता मी तुमची नाही म्हणून निरोप घेणार, आणि त्या दिवसापासून तिचे हात दुसऱ्यांच्या पितरांचे. पहाटे पाचला उठून देव, चूल, विहीर, उंबरा, गाडी, सगळ्यांना फुलं वाहणारं घरात मागे कोण? तो एकटा. आणि त्याला तर पान दुमडायचंही ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा पोरीने तिसऱ्याच दिवशी आईची पानं कापायची सुरी हातात घेतली होती. त्याला काही शिकायची वेळच आली नाही.

हॉटेलच्या दारात, आज दिवसभर जिला फिरवायचं होतं ती पाहुणी काठी टेकून उभी होती. विल्मा नावाची, हॉलंडची, सत्तरीची बाई. नवऱ्याला ऊन सोसत नाही, तो खोलीतच बसतो, असं तिने गाडीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. तिने त्याच्या घरचं विचारलं तेव्हा नेंगानेही पाहुण्यांसाठी ठेवलेलं उत्तर दिलं: बायको झकास आहे, स्वयंपाकात मीठ जरा जास्त घालते एवढंच. पाहुणे हसतात, दिवस बरा जातो. मेलेल्या बायकोची गोष्ट ऐकायला कुणी समुद्र ओलांडून येत नाही.

पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं झाली. धबधबा झाला. ती खाली उतरली नाही, वरूनच कठड्याला धरून पाहत राहिली. देवळात त्याने तिला गाडीतली पिवळी ओढणी कमरेला बांधायला दिली. तिला गाठ जमेना, म्हणून त्यानेच मारली. प्रत्येक ठिकाणी ती म्हणायची, त्यांना हे आवडलं असतं. नेंगाला वाटलं, नवरा हॉटेलात बसलाय, तर असतं कशाला? पण ड्रायव्हरने असलं मनात ठेवायचं असतं.

तळ्याकाठच्या खानावळीत तिने तळलेली केळी बांधून घेतली. खानावळवाली नेंगाच्या ओळखीची. तिने डोळा मिचकावून आपल्या बोलीत विचारलं, "आज तोंडाला कुलूप का रे? म्हातारीने मारलं की काय?" तो नुसता हसला. केळ्यांचा पुडा गाडीत चानांगाशेजारी राहिला. फुलं एव्हाना कोमेजली होती.

परत हॉटेलपाशी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. विल्मा उतरेना. मग तिने तो पुडा उचलून त्याच्या हातात दिला.

"तुमच्या बायकोला द्या."

"साहेबांसाठी आहेत ना, बाईसाहेब?"

"खोलीत कुणी नाही," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. एकटी आहे म्हटलं की लोक माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतात."

नेंगा पुड्याकडे बघत राहिला. तेलाचा डाग हळूहळू पसरत होता.

"माझीही नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं."

"आणि मिठाचं?"

"ते खरं होतं. जास्तच घालायची."

दोघं हसली, अगदी थोडं. मग तिने काचेखालच्या फुलांकडे बोट दाखवून विचारलं, मग ही कोण करतं?

"मुलगी." आणि एकदा खरं बोलायला लागलेली जीभ थांबली नाही. "लग्न ठरलंय तिचं."

शब्द बाहेर पडल्यावर त्यालाच ऐकू आले. विल्माने त्याच्या हातावर हात ठेवला, अभिनंदन केलं नाही, आणि काठी टेकत आत गेली.

घराकडे वळायच्या आधी तो बाजारात थांबला. चानांगवाली टोपली आवरत होती. "नेंगा, तुझ्या घरात बाजारची फुलं? पोरगी आळशी झाली वाटतं!" त्याने उरलेली सगळी ताटुकली पिशवीत भरून घेतली.

सुकेर्नी दिवा लावायच्या तयारीत होती. त्याने केळी आणि पिशवी ओट्यावर ठेवली. तिने पिशवीत डोकावलं. ताटुकली नुसती टाचण्यांनी टाचलेली, फुलं कशीही कोंबलेली. ती कितीतरी वेळ पिशवीचं तोंड धरून उभी राहिली.

"सवय करून घेतो," नेंगा म्हणाला.

तिने डोळे पुसले नाहीत, हात धुतले. एक चानांग काढून समोर घेतलं आणि बसली.

"लाल फूल दक्षिणेला असतं, बापा. इथे पूर्वेलाच घातलंय."

"मग दाखव कसं ते."

तिने लाल फूल उचलून त्याच्या बोटांत दिलं. त्याला क्षणभर घरातली दक्षिण कुठली तेच आठवेना.