पोटात मूठभर तांदूळ

मी एक गोधडी. मला उंदरांनी खाल्लंय, म्हणून पांघरायला घेऊ नका. फक्त ऐका.

पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात सगुणाने मला शिवलं. साल एकाहत्तर. पूर्व बंगालात स्वातंत्र्याची लढाई पेटली होती आणि लाखो माणसं घरदार सोडून आपल्या हद्दीत आली होती, छावण्यांत पडली होती. शाळेचे महिपती गुरुजी दारोदार फिरून सांगत, "थंडीच्या आत गोधड्या द्या. पण नुसत्या गोधड्या. धान्य नको, उंदीर लागतात."

बेघर होणं म्हणजे काय, हे सगुणाला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी उधाणाने बांध फुटला, घरात खारं पाणी शिरलं, तेव्हा तिचं तान्हं पोर शाळेच्या गार फरशीवर काकडून दगावलं. माझ्यासाठी तिने लग्नातलं हिरवं पातळ फाडलं. मलाच वाईट वाटलं, तिने मात्र मागेपुढे पाहिलं नाही.

शेवटचे टाके घालण्याआधी तिने माझ्या पोटात मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी सारली.

"गुरुजी नको म्हंलेत ना गो?" शेजारची बायजाबाई म्हणाली.

"बाईमानसाला कापड देयाचं नि वटी भरायची नाय? ती बी कुनाची लेक हाय."

पेणच्या एका खोलीत आम्हा बावीस गोधड्यांचा गठ्ठा बांधून ठेवला. लॉरी दसऱ्याला येणार होती, दिवाळी झाली तरी आली नाही. उंदीर मात्र आले. तांदळाच्या वासाने त्यांनी आधी मला फाडलं, मग माझ्या वरच्या, खालच्या, सगळ्याच. बावीस घरच्या बायांची मेहनत माझ्यापायी मातीत गेली. मला ओरडता आलं असतं तर!

शेवटी गुरुजींनी गठ्ठा सोडला. माझ्यातून चार दाणे सांडले, ते त्यांनी पाहिले आणि वेचून खिशात टाकले.

काल सगुणा पेणच्या बाजाराला आली आणि खोलीच्या दारात डोकावली. मी गुरुजींच्या टेबलाखाली होते.

"गुरुजी, आमची गोधडी पोचली काय?"

गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोचली."

"मंग कुनाचं तरी पोर उबेत निजलं असंल." तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "आता दुसरी घेते शिवाया. एक पातळ हाय अजून."



अंगावरचं सोडलं तर तिच्याकडे तेवढंच पातळ आहे. तुम्ही तिच्या गावाच्या वाटेने जाणार असाल तर तिला अडवा. ते फाडायच्या आत खरं काय ते सांगा. मला सांगता येत नाही, आणि गुरुजी सांगणार नाहीत.