मसालेभाताशेजारचं पांढरं प्रकरण

मंजिरीला एक वाईट खोड होती: रांधता रांधता चमचा चाटायची. श्यामलाबाईंच्या मते सुनेचं बाकी सगळं खपवून घेता येतं, अगदी ती इथं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत जन्मली हेसुद्धा. पण बाप्पाच्या आधी जीभ लावायची?

“अगं, नैवेद्याचा दिवस आहे!”

“पण आई, माझी बेक नैवेद्यात नाहीये ना. त्यात लीक आहे.”

लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा आडदांड भाऊ. बटाट्याच्या चकत्या, लीक, क्रीम, वर चीज, आणि ट्रे ओव्हनमध्ये, की झाली बेक. ना फोडणी, ना मसाला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला हे पांढरं प्रकरण कोण खाणार? अठरा वर्षं तिथं श्यामलाबाईंच्या मसालेभाताचं पातेलं सगळ्यांत आधी रिकामं होत आलं होतं. शाळा चौथीत सुटलेली, इंग्रजी येत होतं ते बस ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणण्यापुरतं. बाईंची जी काय पत होती, ती त्या पातेल्यात.

सुनेला सुनावता सुनावता त्यांनी भातात मीठ घातलं. सुनावणं लांबलं, तेव्हा पुन्हा घातलं. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता.

चर्चच्या हॉलमध्ये आरती झाली, रांग लागली. श्यामलाबाई पातेल्यामागे वरमाईसारख्या उभ्या राहिल्या. पहिल्याच घासाला लोक पाण्याकडे धावले.

“भात मोकळा झालाय हं,” मंडळाच्या अलकाताई म्हणाल्या.

नुसतं ‘मोकळा’ म्हणजे काय, ते श्यामलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या भाताला त्या आजवर तेच म्हणत आल्या होत्या. त्यांनी चार शितं तोंडात टाकली. समुद्र!

“यंदा सूनबाईंनी केला वाटतं?” अलकाताईंनी विचारलं.

एवढी तिखट जीभ, पण ऐनवेळी टाळूला चिकटली. ‘नाही’ काही म्हणवेना.

मंजिरीनं ऐकलं. एक घास चाखला, आपला ट्रे पातेल्याशेजारी ओढला आणि ज्याच्या त्याच्या भातावर बेकचा मोठा डाव घालू लागली.

“काकू, मिक्स करून खा ना. आमच्याकडे असंच खातात.”

आमच्याकडे म्हणे! पण लोक दुसऱ्यांदा रांगेत आले. पातेलं खरवडलं गेलं.

“सूनबाईंनी भात बिघडवला, पण सावरला छान,” अलकाताई म्हणाल्या.

श्यामलाबाईंनी पदर खोचला आणि हॉलभर ऐकू जाईल असा आवाज लावला.

“मंजिरी, इकडे बघ. भात मी बिघडवला, दोनदा मीठ घालून. आणि मघाशी गप्प बसून तुझ्या नावावर खपू दिला, तेही मीच. आता तुझ्या बेकचं सांगते. साफ अळणी आहे. तस्संच ठेव, बाई.”