भरून काढलेले खड्डे

“ही माझी सुरी नाही.”

“पातं तुमचंच, बाई. मूठही तीच. तडा शोधून दाखवा!” मूठवाला छाती फुगवून म्हणाला. चाळीस वर्षं तो या बोळात हत्यारांच्या मुठी दुरुस्त करत होता. काल त्याने तड्यात सरस ओतला, मूठ शिकंज्यात आवळली. मग सवयीने वरचे खड्डेही भुशाच्या लगद्याने बुजवले आणि घासून घासून मूठ काचेसारखी केली.

“तडा सांगितला होता. खड्डे बुजवायला कुणी सांगितलं?”

“झीज होती ती.”

“झीज कसली? माझ्या बोटांच्या जागा होत्या त्या! आता घसरतेय बघा कशी.”

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ती एकतीस वर्षं भाजी चिरत होती. नव्या ठेकेदाराचं फर्मान निघालं होतं: आज दोन वाजता परीक्षा, पाव तासात पाच किलो काकडी, मागे पडेल ती कायमची घरी. ज्याने जन्मात कांदा सोलला नाही, तो घड्याळ घेऊन उभा राहणार होता!

“मग दुसरी सुरी घ्या की.”

तिने उजवा पंजा त्याच्या नाकापुढे उघडला. म्हणजे, उघडेल तेवढा उघडला. दोन बोटं अर्धी वळून तिथेच थिजलेली. अंगठ्याच्या मुळाशी चिंचोक्याएवढा घट्टा. तळव्यात आडवी पन्हळ, सुरीच्या मुठीएवढीच. हातांनी लाकूड झिजतं, हे मूठवाल्याला पाठ होतं. पण लाकूड हाताला असं घडवतं, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. बघायला हात कुणी दाखवला होता? लोक हत्यार टाकून जायचे.

“बसा,” तो म्हणाला. आवाज पार खाली आला होता.

त्याने तेलात काजळी कालवून तिच्या तळव्याला फासली. “धरा. सोडा.” मुठीवर जिथे काळं उठलं तिथे लाकूड नडत होतं. तेवढंच त्याने कानशीने काढलं. पुन्हा काजळी. पुन्हा धरा, सोडा.

“मामा, उरका ना! दोनला हजर व्हायचंय.”

“बोलू नका. हात हलतो.”

“नवऱ्याने नाही कधी एवढा जपला हा हात.”

शेजारचा कुलूपवाला फिसकन हसला. मूठवाला हसला नाही. तो देवाच्या मूर्तीला हात लावावा तसा त्या वाकड्या बोटांना हात लावत होता.

बाविसाव्या वेळी काळं सगळीकडे सारखं उठलं.

तिने मूठ पुसली, पिशवीतून काकडी काढून फळीवर ठेवली. सुरी हलताना दिसलीच नाही, नुसती सरसर ऐकू आली. “बसली,” ती म्हणाली, आणि पातं पुसत तरातरा निघालीसुद्धा.

मूठवाल्याने एक चकती उचलून डोळ्यासमोर धरली. तिच्यातून अख्खा बोळ दिसत होता.

“होईल का रे पास?” म्हणत कुलूपवाल्याने खायला हात पुढे केला.

मूठवाल्याने तो फटकारला. “ठेव खाली. खायच्या नाहीत त्या.”