दम न लागणारी खोली

मिस्त्रींचं नाक नेमकं कधी मेलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं लोकांच्या कपाटांना, टेबलांना, दारांना पॉलिश केलं. थिनरचा वास आधी झोंबला, मग आवडला, आणि पुढे एक दिवस येईनासाच झाला. "नाक काय, चष्मा टेकवायला लागतं, तेवढं आहे," असं म्हणून ते मोकळे व्हायचे.

पण लेकीला दमा होता. मिस्त्रींचे डबे, बाटल्या, चिंध्या सगळं घरातल्या मागच्या खोलीत. पोरीचं लहानपण खिडकीच्या गजांना नाक लावून गेलं. नोकरी लागली तशी ती बाहेर पडली, आणि गेल्या अकरा वर्षांत या घरात एकदाही झोपली नव्हती. यायची, बाहेर पायरीवर बसायची, आईशी बोलायची आणि दोन तासांत छाती चोळत निघायची.

आता तिची बदली याच शहरातल्या शाळेत झाली. तिने स्पष्टच सांगितलं, "बाबा, दोन महिन्यांनी शाळा सुरू होते. इथे श्वास घेता आला तर इथे राहीन. नाहीतर शाळेजवळ एक खोली बघून ठेवलीय."

मिस्त्रींनी त्याच आठवड्यात सगळे डबे एका ओळखीच्या पॉलिशवाल्याला देऊन टाकले. मागची खोली लेकीसाठी रिकामी झाली. बायको आत डोकावली आणि पदर नाकाला लावून मागे फिरली.

"अहो, डबे गेले. पण भिंतींनी चाळीस वर्षं प्यायलंय त्याचं काय?"

म्हणून मिस्त्री बाजाराच्या टोकाला चुनेवालीकडे गेले. आयुष्यात तिच्या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते. चुना म्हणजे गोठ्याचं काम, असं त्यांचं ठाम मत.

"काय हो मिस्त्री, वाट चुकलात का?"

"मावशी, वास नसलेला रंग हवाय."

"तुम्हाला कसला वास येतोय? सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

"लेकीला येतो."

चुनेवालीचं हसू थांबलं. तिने स्टूल पुढे सरकवलं. जुना ऑइलपेंट प्लास्टर लागेपर्यंत खरवडा म्हणाली. मग महिनाभर पाण्याखाली मुरलेला चुना दाखवला, लोण्यासारखा मऊ. त्यात साय काढलेलं दूध फाडून त्याचा चोथा घालायचा, वर रंगापुरती चिमूटभर पिवडी, म्हणजे पिवळी माती.

"दूध? भिंतीला? मांजरं चाटतील की."

"एकदा चाटतील. पुन्हा नाही येणार. आणि हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. चुना डोळ्यात गेला ना, तर सात जन्मांचं आठवेल."

आठ दिवस खरवडण्यात गेले. मग मिस्त्रींनी दूध लिंबू पिळून फाडलं, फडक्यात बांधून निथळलं, दोनदा धुतलं. तो दाणेदार चोथा त्यांनी चुन्यात टाकला आणि काठीने ढवळायला लागले. आधी गुठळ्याच गुठळ्या. मनात म्हणाले, म्हातारीने उल्लू बनवलं. ढवळत राहिले. आणि बघता बघता एकेक दाणा विरघळला. बादलीत गुळगुळीत, ताणलं जाणारं, चकचकीत असं काहीतरी तयार झालं. आयुष्यभर त्यांनी रंग डब्याचं झाकण उचकटून घेतला होता. रंग असा डोळ्यांदेखत होताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

ओल्या भिंतीवर पहिला हात मारला, तर काही दिसेचना. नुसतं दुधाळ पाणी.

"भिंत धुताय की रंगवताय?" बायको दारातून म्हणाली.

"गप गं."

बोलायला ते गप म्हणाले, पण मनातून खचले होते. चहा घेऊन परत आले आणि उंबऱ्यातच थांबले. भिंत उजळत होती. कोपऱ्यापासून सुरुवात होऊन मधोमध, आतून कोणीतरी हळूहळू दिव्याची वात वर सरकवावी तशी. त्यांचे सगळे रंग वाळताना मंद व्हायचे. हा वाळताना जागा होत होता. मिस्त्री पालथ्या बादलीवर बसले. चहा हातातच गार झाला.

"अगं, इकडे ये. बोलू नको, नुसती बघ."

दोघं बघत बसली.

मग राहिलं लेकीच्या खोलीत ठेवायचं कपाट. ते बायकोचं, तिच्या लग्नातलं. दर वर्षी कामातून उरलेलं पॉलिश मिस्त्री त्याच्यावर फासायचे, त्यामुळे ते काळंकुळकुळीत झालं होतं. अंगणात नेऊन, तोंडाला फडकं बांधून, पाणी लावून त्यांनी ते थर उतरवले. तळाला पांढुरकं, निस्तेज लाकूड लागलं. त्यावर जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं मात्र, आणि लाकडात रेषा धावल्या. वळणावळणाच्या, मधाच्या रंगाच्या, एका गाठीभोवती फिरून पुढे गेलेल्या. मिस्त्रींनी हजारो दारं चमकवली होती. लोक त्या चमकेत आपला चेहरा बघायचे, आणि मिस्त्रीही. चमकेखाली हे असं काही निजलेलं असतं, हे त्यांनी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

पण हात जुनाच होता. तेल वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि मिस्त्रींचं नाव तर सकाळी काम आणि संध्याकाळी झळाळीसाठी. त्यांनी मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवलं. थिनर नाही ना, हे तर चीड वृक्षाच्या डिंकातून निघतं, झाडाचंच. असं म्हणून त्यांनी कपाटाला दोन सढळ हात मारले, घासून झळाळी काढली आणि ते खोलीत नेऊन ठेवलं. बायको दोन दिवस बहिणीकडे गेली होती. घरात दुसरं नाक नव्हतं.

रविवारी लेक आली. भिंतीवर तळवा ठेवून म्हणाली, "बाबा, हे तुम्ही केलंत?" आत येऊन कपाटापाशी गेली. वाकली. आणि खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. पर्समधून दम्याचा पंप काढून तिने तोंडाला लावला आणि भिंत धरून बाहेर आली.

"काय घातलंत त्यात?"

"अगं, झाडाचंच आहे ते. थिनरचा थेंब नाही."

"झाडाचं असलं तरी माझ्या छातीला कसं कळणार, बाबा?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "ती शाळेजवळची खोली मी घेऊन टाकते."

"पंधरा दिवस दे."

"दहा," ती श्वास सावरत म्हणाली आणि गेली.

चुनेवालीने ऐकून कपाळावर हात मारला. "मिस्त्री, विंचूही काही कारखान्यात तयार होत नाही. घाई कुणाला झाली होती?"

"हाताला."

"मग त्याला बांधून ठेवा."

कपाट पुन्हा अंगणात आलं. घासून पुन्हा उघडं झालं. त्याच्या आतल्या भागाला मिस्त्रींनी काहीही लावलं नाही. बाहेरून फक्त तेल, कोमट, तेही इतकं पातळ की लावलेलं सगळं पुन्हा पुसून घ्यायचं. तेलाच्या चिंध्या मात्र दोरीवर पसरून वाळवल्या, कारण गोळा करून ठेवल्या की त्या आपोआप तापतात आणि पेटतातही, एवढं त्यांना धंद्यातून ठाऊक होतं. आणि मग त्यांनी चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. हात बाजूला ठेवून थांबले. कपाट दिवसभर उन्हावाऱ्यात, संध्याकाळी आत.

बायको रोज सकाळी कपाटाला नाक लावायची. ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

"येतोय."

दुसऱ्या दिवशी, "येतोय, पण कमी."

नवव्या दिवशी तिने दार उघडून अख्खं डोकंच आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"अगं, झोपलीस का?"

"लाकडाचा येतोय," ती आतूनच म्हणाली. "नुसता लाकडाचा. माझ्या लग्नात आलं होतं तेव्हा यायचा तसा."

दहाव्या दिवशी लेक आली. पंप हातातच धरून खोलीत शिरली. खिडकीपाशी खुर्चीत बसली. आई शाळेचं विचारत राहिली, ती सांगत राहिली, आणि सांगता सांगता तिची मान कलली. प्रवासाने दमलेली होती. आई बोट ओठांवर ठेवून बाहेर गेली.

मिस्त्री दारात उभे राहिले. त्यांना आत जायचं धाडस होईना आणि तिथून हलवेना. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पोरीची छाती वर येत होती, खाली जात होती. शिट्टी नाही, घरघर नाही. लहानपणी त्यांनी तिला रात्र रात्र मांडीवर बसवून ठेवलं होतं. तिचा श्वास असा बिनआवाजाचा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ऐकायला काही नव्हतं, आणि ते कान देऊन ऐकत होते. एवढं मोठं काम आयुष्यात आपल्या हातून झालं नाही, आणि यातलं आपलं असं फार थोडं, हे दोन्ही त्यांना एकदमच कळलं. त्यांनी चौकट घट्ट धरली.

तासाभराने तिने डोळे उघडले. आपण कुठे आहोत ते आधी तिच्या लक्षात आलं नाही. मग तिने हातातल्या पंपाकडे पाहिलं, आणि दारातल्या वडिलांकडे.

"बाबा, केव्हापासून उभे आहात?"

"आत्ताच आलो."

"खोटं." तिने एक लांब श्वास आत घेतला, सोडला, आणि पुन्हा घेतला, तहान लागलेल्याने दुसरा पेला मागावा तसा. "माझी खाट या खिडकीखाली लावा."

मिस्त्रींनी चौकट सोडली. खाटेचं दुसरं टोक धरायला बायकोला हाक मारत ते निघाले.