पाच खेपांची कोनशिला

मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. खरं तर आता दोन तुकडे आहे, पण ते पुढे येईलच. हल्ली बोलायचंसुद्धा जिवावर येतं. तरी सांगते, कारण माझ्याबद्दल पेपरात जे छापून आलं, त्यातलं निम्मं खोटं आहे.

खाणीतून निघाले तेव्हा मी चांगली चार बोटं जाड होते. पाथरवटानं मला घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर कोरलं, की या जागेवरच्या सरकारी दवाखान्याची पायाभरणी अमुक साहेबांच्या शुभहस्ते झाली. मग एका मोकळ्या प्लॉटवर, विटांच्या चौथऱ्यात मला बसवलं. साहेबांनी पडद्याची दोरी ओढली, वर्षभरात दवाखाना उभा करायचा शब्द दिला, आणि गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. मी आपली वाट बघत राहिले.

वाट बघणारी आणखी एक होती. प्लॉटच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिथे एक नर्सबाई दवाखाना चालवायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. ताप, खोकला, मलमपट्टी सगळं त्या शेडमध्ये निभायचं. बाळंतपण मात्र नाही, कारण तिथे ना नळ होता, ना धड दार. अडलेल्या बाईला दोन तासांच्या खडबडीत रस्त्यानं शहरात न्यावं लागायचं. दोघीजणी त्या रस्त्यावरच दगावल्या होत्या. ताईंना सरकारकडून बाकी काही नको होतं, नळ असलेली एक खोली हवी होती.

दोन वर्षांनी निवडणूक होऊन नवे साहेब आले. त्यांना पायाभरणी स्वतःच्या हातानं करायची होती, पण नव्या दगडाला मंजुरी मिळेना. म्हणून पाथरवटानं माझ्यावरचं जुनं नाव घासून काढलं आणि नवं कोरलं. पुढे ती पद्धतच पडली. तिसऱ्या खेपेला तर पहिलेच साहेब पक्ष बदलून परत आले. घासून काढलेलं त्यांचंच नाव पुन्हा कोरताना पाथरवट दोन दिवस स्वतःशी पुटपुटत होता. ताई दर खेपेला इस्त्रीचा गणवेश घालून पुढच्या रांगेत बसायच्या. चौथ्या खेपेला त्या शेडबाहेर आल्याच नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. मला जमलं असतं, तर मीही आले नसते.

पाचव्या खेपेपर्यंत माझी जाडी एका बोटावर आली होती. पाथरवटानं साहेबांच्या पीएला बजावलं, की हिला आता छिन्नी सोसायची नाही. पीए म्हणाला, साहेबांचं नाव लांबून वाचता आलं पाहिजे, खोल कोरा. त्यानं खोल कोरलं. समारंभात साहेबांनी दोरी ओढली आणि पडद्याबरोबर माझा वरचा अर्धा भाग निघून त्यांच्या बुटावर पडला.

साहेबांचा अंगठा सुजला. संध्याकाळपर्यंत तो विरोधकांचा कट ठरला. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती नेमली गेली, आणि समितीला घटनास्थळीच बसायला जागा हवी होती. मित्रांनो, ज्या प्लॉटवर अकरा वर्षांत एक वीट चढली नव्हती, तिथे सव्वा महिन्यात खोली उभी राहिली. पंखा आला, लांब टेबल आलं, आत नळ आला. पुरावा म्हणून माझे दोन्ही तुकडे कोपऱ्यात ठेवून वर कापड घातलं.

समितीत तिघं होते. दर सोमवारी जमायचे, चहा प्यायचे आणि पुढची तारीख ठरवून उठायचे. अशाच एका सोमवारी भर दुपारी एक माणूस आपल्या बायकोला सावरत शेडकडे आला. तिला कळा सुटल्या होत्या, आणि शहर गाठण्याइतका वेळ उरला नव्हता. ताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आमच्या खोलीकडे पाहिलं. मग तिला धरून त्या सरळ आत आल्या आणि समितीच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "कागद उचला. मला टेबल लागणार आहे."

अध्यक्षांनी विचारलं, वरून परवानगी आहे का. तेवढ्यात ती बाई अशी ओरडली, की तिघंही फायली छातीशी धरून बाहेर पळाले. मी कापडाखालून सगळं ऐकत होते. नळ चालू होता. जन्मभर मी भाषणं ऐकली, पण त्या पोरीचं पहिलं रडणं ऐकून जितकं बरं वाटलं, तितकं कधीच वाटलं नव्हतं.

तासाभरानं अध्यक्ष घाम पुसत दारात आले. खोली कधी रिकामी करणार, म्हणून त्यांनी जरा दबकतच विचारलं. ताई बाळाला पुसत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"तुमचा अहवाल आला की लगेच," त्या म्हणाल्या.

याला आता चार वर्षं झाली. समिती दर सोमवारी पत्र्याच्या शेडमध्ये बसते आणि मुदतवाढ मागते. इकडे खोलीत साठेक बाळं जन्मली. ताईंचे केस पिकले, पण त्या रस्त्यावर नंतर कोणी दगावलं नाही. अहवाल आला की खोली पाडून टाकायची, असा लेखी आदेश आहे. तेव्हा मित्रांनो, या थकलेल्या दगडाची तुम्हाला हात जोडून एकच विनंती आहे. मला कोणी मोडलं, हे कृपा करून कुणालाही विचारू नका.