काजळीचे ठिपके

तिने काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला. निळसर रंगात फुप्फुसातल्या पहारेकरी पेशी पसरल्या होत्या. बराच वेळ पाहत राहिलं की त्या संथ हलताहेत असं वाटायचं. त्यांचा स्वभाव तिला पाठ होता. श्वासातून आलेला कण दिसला की पुढे होऊन गिळायचा. काजळी काही पचत नाही, तरी गिळायची आणि मुकाट पोटात ठेवायची.

अभ्यासासाठी तिने घरातल्या तिघांचीच थुंकी घेतली होती. बाबा काजळी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, त्यांच्या पेशी काळ्याकुट्ट निघणार हे उघडच होतं. तिच्या स्वतःच्या जवळजवळ कोऱ्या होत्या. तिला जरा कडवट हसू आलं. लहानपणी बाबा कामावरून आले की ती त्यांच्याकडे धावत सुटायची आणि ते मागच्या दारातूनच ओरडायचे, "लांब हो!" आंघोळ करून, जेवून आडवे व्हायचे. बाबांना आपलं कौतुक नाही, ही अढी तिच्या मनात अजून होती.

तिसरी काच आईची. आईने कारखान्याची पायरीही चढलेली नव्हती, पण तिच्या पेशी ठिपक्यांनी गच्च भरल्या होत्या. काचांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने सगळं पुन्हा तपासलं. काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी ती लवकर घरी आली. मागच्या बाजूला आई घराकडे पाठ करून बाबांचा शर्ट झटकत होती. उतरत्या उन्हात काजळी सावकाश, स्वप्नातल्यासारखी खाली येत होती.

"आई, तुझ्या पेशी काळ्या झाल्यात."

"कुणाच्या तरी व्हायच्याच होत्या की."

"आणि मला कधी या कपड्यांना हात लावू दिला नाहीस."

"यांची सक्त ताकीद होती. पोरीला जवळ येऊ द्यायचं नाही. तू रुसून आत गेलीस की तिथे दारात उभे राहून डोळे पुसायचे." आई खोकली. "काजळीच्या हातांनी. तोंड असं काळं व्हायचं, मला हसू आवरायचं नाही."

तिने भरलेली बादली ओढली, आईच्या हातातला शर्ट घेतला आणि पाण्यात बुडवला.

"आजपासून आधी भिजवायचा. झटकायचा नाही."

न्हाणीघरातून बाबांचा आवाज आला. "पोरगी आली वाटतं? लांब आहे ना ती?"

"हो बाबा, लांबच आहे," ती म्हणाली, आणि आईबरोबर पिळायला शर्टाचं दुसरं टोक धरलं.