जाड गादी

माझ्या व्हीलचेअरवर ती जाड गादी आमच्या कटिंग मास्तरांनी घातली. अपघातानंतर मी शिवणकारखान्यात परतले तेव्हा कटिंगचं टेबल माझ्या छातीला लागायचं, कात्री चालवताना हात अवघडून जायचे. मास्तरांनी स्वतः गादी शिवली आणि मी पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीने कापड कापू लागले. मला आकाश ठेंगणं झालं.

पण काही महिन्यांत खांदे ठणकू लागले. कारखान्याच्या दारासमोरचा रॅम्प चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मालकीणबाई म्हणाल्या, दोन महिने सुटी घे. खांदे सुधारले तर ठीक, नाहीतर घरी बसून बटणं लाव. बटणं! जन्मभर कापड कापलेल्या बाईने? माझं डोकंच फिरलं.

मी इरेला पेटून डंबेल उचलायला लागले. दुखणं वाढलं. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने मला दोन-तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि सरळ गादीकडे बोट दाखवलं. एवढ्या उंचावरून हात चाकाच्या बाहेरच्या, ढकलायच्या कडीला जेमतेम पोचतो, म्हणून मी नुसते आखूड हिसके देत होते. त्यात छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू राबराब राबतात. हात मागे नेणारे, सांधा जागेवर धरणारे मागचे स्नायू मात्र खुशाल लोळत पडतात.

"तुम्ही राबणाऱ्यांनाच आणखी कामाला जुंपलंत," ती म्हणाली. "आता मागच्यांना उठवा."

गादी पातळ झाली. दाराला बांधलेला रबरी पट्टा मी रोज चरफडत मागे ओढायची. खुर्ची चालवताना चाकाची कडी मागून धरायची, लांब ढकलायची, मग हात सैल सोडून खालून मागे आणायचा. खांदे हळूहळू निवले. पण टेबल? ते पुन्हा छातीला लागणार होतं. विचारपूस करायला आलेल्या मास्तरांना मी तोंडावर सुनावलं, की तुमच्या गादीनेच माझे खांदे खाल्ले. ते चहा पिऊन गेले.

मुदत संपली त्या दिवशी मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मी रॅम्प चढले, न थांबता, न कण्हता. त्या बाजूला झाल्या.

आत मास्तर स्टुलावर बसून कापड कापत होते. त्यांनी टेबलाचे पाय करवतीने कापले होते.

"उभं राहून माझी कंबर गेलीच होती," ते म्हणाले. "ये, कात्री घे."

मी टेबलाशी गेले. हात अगदी नीट टेकले. आधी पोटभर रडले. मग टेबल एका अंगाला कलतंय म्हणून त्यांच्याशी कडाकडा भांडले.